गॅरेज खिडकी: क्रॉस गेलाय, की नुसता आवाज येतोय?

पिकअप गाड्यांच्या प्रोपेलर शाफ्टबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली: आवाज आला की आधी क्रॉस बदलला जातो आणि तपासणी नंतर होते. म्हणून पहिल्या उत्तरात तपासणीला जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनीही ते आधी वाचावं.

शब्दांचा घोळ नको म्हणून एवढंच सांगतो. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्यापर्यंत) जाणारी लांब नळी म्हणजे शाफ्ट. काही गॅरेजांत या सबंध शाफ्टलाच ‘जॉइंट’ म्हणतात. आपण इथे तसं म्हणणार नाही. शाफ्टच्या टोकांना बेचक्यासारखे दोन कान असलेला तुकडा असतो, तो योक. दोन योकांमध्ये अधिकच्या चिन्हासारखा बसतो तो क्रॉस. क्रॉसच्या चार टोकांवर सुयांच्या बेअरिंगचे चार कप असतात आणि ते जागेवर राहावेत म्हणून सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या, असतात. शाफ्ट बोल्टांनी जिथे जोडतात ती चकती म्हणजे फ्लँज. शाफ्ट लांब-आखूड होऊ शकावा म्हणून दातेरी खाचांत सरकणारा भाग ती स्प्लाइन, आणि तिच्यावर सरकतो तो स्लिप योक. डिफरन्शियलच्या आत शाफ्टची ओढ घेणारी दातेरी चाकांची जोडी म्हणजे क्राऊन-पिनियन. आणि पाटे म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग.

प्रश्न : भाजीपाल्याच्या वाहतुकीची पिकअप आहे. क्लच सोडताना आणि रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खालून ‘खट्ट’ असा एकच आवाज येतो. एक मिस्त्री म्हणतो क्रॉस गेला, दुसरा म्हणतो क्राऊन-पिनियन उघडावं लागेल. दोन्ही खर्चांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरं कोण?
– नारायणगाव

दोघांनीही गाडीखाली जाऊन हात लावला नसेल, तर दोघंही अंदाजच सांगत आहेत. ओढीची दिशा बदलली की इंजिनपासून चाकापर्यंतची सगळी ढिलाई एका झटक्यात भरून निघते आणि तो ‘खट्ट’ ऐकू येतो. ही ढिलाई क्लच प्लेटच्या स्प्रिंगांत, गिअरच्या दात्यांत, शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनमध्ये, प्रत्येक क्रॉसमध्ये, क्राऊन-पिनियनमध्ये आणि अ‍ॅक्सल शाफ्टच्या दात्यांत थोडी थोडी असते. पाट्यांचे यू-बोल्ट सैल असले किंवा गिअरबॉक्सचं रबरी माउंटिंग फाटलेलं असलं, तरी आवाज अगदी असाच येतो. त्यामुळे आवाजावरून नाही, हातावरूनच ठरवायचं.

गाडी सपाट जागी लावा. खड्डा असेल तर उत्तम. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, किल्ली खिशात ठेवा आणि सायलेन्सर गार होऊ द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. आता मागचा क्रॉस धरा. डिफरन्शियलच्या फ्लँजचा योक आणि क्रॉस यांच्या फटीवर अंगठा असा ठेवा, की पेराचा अर्धा भाग योकच्या कानावर आणि अर्धा क्रॉसच्या अंगावर येईल. दुसऱ्या हाताने शाफ्ट डावी-उजवीकडे पिळा. शाफ्ट, क्रॉस आणि फ्लँज एकदमच हलले आणि अंगठ्याला काही कळलं नाही, तर ढिलाई फ्लँजच्या पुढे, म्हणजे डिफरन्शियलच्या पोटात आहे. अंगठ्याखाली एखादी पायरी सरकल्यासारखी वाटली, तर तो क्रॉस गेला. मग मोजमाप घेत बसू नका. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला जाणवेल एवढी ढिलाई नसतेच.

क्रॉसचे चारही कप असेच पाहायचे. दोन फ्लँजच्या योकमधले, दोन शाफ्टच्या योकमधले. पुष्कळदा चारांपैकी एकच कप खाल्लेला असतो आणि तो नेमका वरच्या बाजूला, नजरेआड असतो. म्हणून गाडी थोडीशी ढकलून शाफ्ट पाव फेरा फिरवा, पुन्हा ठोकळे लावा आणि पुन्हा बघा.

पिळून झालं की टॉमी (लोखंडी पहार) घ्या. योक आणि क्रॉसच्या मध्ये टोक अडकवून हलकेच वर-खाली उचका. पिळण्यात न सापडलेली ढिलाई इथे सापडते. पुढच्या क्रॉसला हीच तपासणी करताना गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, म्हणजे गिअरबॉक्सची बाजू धरून राहते. शेवटी सरकती स्प्लाइन: नळी एका हातात, स्लिप योक दुसऱ्या हातात धरून उलटसुलट पिळा. इथे केसभर हालचाल चालते. दात ‘कडक् कडक्’ वाजत असतील, तर मात्र नुसता क्रॉस बदलून आवाज जाणार नाही.

फ्लँजची थोडी ढिलाई नैसर्गिक असते. क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांमध्ये फट ठेवावीच लागते, ती नसेल तर दात तापून खराब होतील. त्यामुळे फ्लँज काही मिलिमीटर फिरतो एवढ्यावरून डिफरन्शियल उघडू नका. पिनियन खराब असेल तर त्याची दुसरी खूणही दिसते: वेगात ‘घूंऽऽ’ असा सूर लागतो आणि अ‍ॅक्सलरेटर सोडला की तो सूर बदलतो. फ्लँज धरून वर-खाली हलवल्यावर पिनियन हलत असेल, किंवा तिथल्या सीलमधून तेल गळत असेल, तर तुमचा दुसरा मिस्त्री बरोबर.

हे सगळं ठीक निघालं तरी आवाज येतोच आहे? मग मोबाइल कामाला लावा. तो बाजूला, चाकांच्या वाटेबाहेर जमिनीवर ठेवून डिफरन्शियलकडे तोंड करून चित्रण सुरू करा. एकाने गाडीत बसून ब्रेकवर पाय ठेवावा आणि एकदा पहिल्यात, एकदा रिव्हर्समध्ये क्लच जरासा पकडेपर्यंत सोडावा. या वेळी गाडीखाली कोणीही नको. चित्रणात डिफरन्शियलचं सबंध हाउजिंगच (बाहेरचं कवच) नाक वर करून पुन्हा खाली आपटताना दिसलं, तर दोष यू-बोल्टचा किंवा थकलेल्या पाट्यांचा. गिअरबॉक्स उडी मारताना दिसला, तर माउंटिंगचा. ते रबर क्राऊन-पिनियनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू करून हळू चालवली की चिमणीसारखं ‘चिंव-चिंव-चिंव’ ऐकू येतं. वेग वाढला की आवाजही भरभर होतो आणि मग ऐकू येईनासा होतो. ओढ्यातून गाडी गेली की दोन दिवस बंद. ब्रेक तपासले, ठीक आहेत.
– वैजापूर

क्रॉस कोरडा पडला आहे. पाण्याने आवाज गेला याचा आनंद मानू नका. पाणी सुयांपर्यंत पोचतं आहे, म्हणजे सील संपले आहेत.

कपांच्या कडेला बघा. विटकरी रंगाची बारीक पूड दिसली तर तो आतल्या पोलादाचा गंज आहे. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर ग्रीस भरून आवाज बंद होईलही, पण पूड दिसल्यानंतर भरलेलं ग्रीस म्हणजे फक्त मुदतवाढ. असा क्रॉस हाताने तपासल्यावर कदाचित सैल लागणार नाही, उलट घट्ट लागेल. शाफ्ट उतरवून योक हातात घ्या आणि सावकाश वर-खाली, डावी-उजवीकडे डोलवा. मधोमध एका ठिकाणी तो खाचेत बसल्यासारखा अडकतो का? अडकत असेल तर कप काढल्यावर क्रॉसच्या टोकावर सुयांच्या मापाच्या बारीक उभ्या रेघा कोरलेल्या दिसतील, नख फिरवलं तरी कळतील अशा. क्रॉस काही बेअरिंगसारखा गोल फिरत नाही. तो काही अंशांतच मागे-पुढे डुलतो, म्हणून प्रत्येक सुई आपल्या त्याच जागी घासत राहते. ग्रीस आटलं की तिथेच खड्डा पडतो.

प्रश्न : दोन्ही बाजूंचे क्रॉस नवे टाकले. ढिलाई गेली, पण आता ६० ते ६५च्या दरम्यान सबंध केबिन थरथरते. आधी अजिबात थरथर नव्हती. मिस्त्री म्हणतो चाकं बॅलन्स करा.
– शिरूर

काम करण्यापूर्वी नसलेला दोष कामानंतर आला, तर तो कामात शोधायचा, चाकांत नाही. तरीही चाकांवरचा संशय आधी दूर करू, कारण ते फुकटात होतं.

पिकअपला साधारण २१५/७५ आर १५ मापाचं टायर असतं, त्याचा घेर सुमारे २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ४५० फेरे, सेकंदाला साडेसात. डिफरन्शियलचं गुणोत्तर सोयीसाठी ४ धरू. शाफ्ट चाकाच्या चौपट फिरतो, म्हणजे मिनिटाला १८००, सेकंदाला ३०. चाकाचा दोष असेल तर स्टिअरिंग किंवा सीट अशी हलते की ते हेलकावे जवळजवळ मोजता येतात. शाफ्टचा दोष असेल तर मोजता येत नाही. गिअरची दांडी, आरसा आणि डॅशबोर्डवरची नाणी बझरसारखी वाजतात. मोबाइलमध्ये कंपन मोजणारं अ‍ॅप असेल तर ते सीटच्या चौकटीला लावून पाहा: सगळ्यात जोराचं कंपन सेकंदाला ७-८च्या आसपास येतं की ३०च्या? तुमच्या वर्णनावरून ते ३०च्या बाजूला असेल. त्याच वेगात मोकळ्या सरळ रस्त्यावर क्लच क्षणभर दाबा. थरथर तशीच राहिली तर इंजिनही संशयातून सुटलं.

आता शाफ्ट. यात चुका होतात त्या बहुधा चार ठिकाणी.

सगळ्यात मोठी चूक दात चुकण्याची. शाफ्ट उतरवताना स्लिप योक आणि नळी वेगळी झाली आणि परत बसवताना एक दात इकडेतिकडे झाला, की फेज, म्हणजे दोन्ही टोकांच्या योकांचा मेळ, बिघडली. स्प्लाइनला १६ दात असतील तर एक दात म्हणजे साडेबावीस अंशांची चूक. याने एवढं काय होतं? एकटा क्रॉस कोनात फिरताना वेग सारखा देत नाही. १० अंशांच्या कोनात आत १८०० फेरे दिले, तर बाहेरचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे १७७३पर्यंत उतरतो आणि दोनदा सुमारे १८२८पर्यंत चढतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस याच्या नेमकं उलट करतो, म्हणून बेरीज शून्य होते आणि डिफरन्शियलला सरळ फिरणं मिळतं. पण हा हिशोब जुळतो तो दोन्ही टोकांचे योक एकमेकांच्या रेषेत असतील तरच. शाफ्टवर बाणांच्या किंवा ठिपक्यांच्या खुणा असतात. मातीखाली दडलेल्या असतील, तारेच्या ब्रशने घासून शोधा. खुणा नाहीतच, तर शाफ्ट फरशीवर ठेवून एका टोकाकडून नजर लावा. दोन्ही टोकांचे कान एकाच पातळीत दिसले पाहिजेत. मात्र कंपनीची खूण असेल तर तीच शेवटची. काही शाफ्टांत कोनांप्रमाणे मुद्दाम वेगळी मांडणी दिलेली असते.

दुसरी गोष्ट फ्लँजची. चार बोल्टांचा फ्लँज उलटा, म्हणजे १८० अंश फिरवून बसला तरी भोकं जुळतात, तोल मात्र जुळत नाही. हे तपासणं सोपं आहे. मागचे चार बोल्ट काढा, फ्लँज अर्धा फेरा फिरवा, पुन्हा कसा आणि त्याच रस्त्यावर जाऊन या. अर्ध्या तासाचं काम. आम्ही सुरुवात इथूनच करू.

तिसरी, क्रॉस मधोमध न बसण्याची. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ सर्क्लिप पडली, की शाफ्टचा मध्य तेवढा सरकतो. आणि पट्टीचा कारागीरही कधी फसतो तो सुईपाशी. कप ठोकताना एखादी सुई निसटून कपाच्या तळाशी आडवी पडते. मग कप शेवटपर्यंत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. कोणी ती हातोडीने कोंबली, तर ती शे-दोनशे किलोमीटरवर उडते. कप आत घालण्यापूर्वी सुयांना घट्ट ग्रीस लावून त्या भिंतीला उभ्या चिकटवायच्या आणि क्रॉसचं टोक कपात शिरलेलं ठेवूनच दाबायचं, म्हणजे सुईला पडायला जागाच राहत नाही. दाबायचं वाइसमध्ये, एका बाजूला लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला मोठं सॉकेट लावून. योकचे कान ऐरणीवर ठेवून घणाने ठोकले तर कान आत वाकतात. मग क्रॉस कितीही चांगल्या कंपनीचा टाका, तो घट्टच चालणार आणि लवकर जाणार. बसवून झाल्यावर योकच्या कानाच्या मुळाशी तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या हातोडीने एकेक हलका टोला द्यायचा, म्हणजे कप सर्क्लिपला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. चांगला बसलेला क्रॉस बोटांच्या जोराने सगळीकडे सारखा डुलतो. स्वतःहून लटकत नाही, कुठे अडकतही नाही.

चौथं कारण क्षुल्लक. नळीवर डकवलेली तोलाची पत्र्याची पट्टी ठोकाठोकीत निखळली असेल. तिथे वेल्डचे दोन चकचकीत ठिपके दिसतील. मग शाफ्ट बॅलन्सिंग करणाऱ्याकडे न्यावाच लागेल. नळीला पोचा आला असेल तरी तेच. आणि नळीवर चिखलाचा वाळलेला थर असेल तर आधी तो खरवडा. थरथर त्यानेही होते.

पुढच्या वेळी मिस्त्रीच्या हातात पाना जाण्याआधी खडू किंवा पांढरा रंग द्या. फ्लँज–योक, योक–नळी, नळी–स्लिप योक, सगळीकडे एकेक रेघ.

प्रश्न : लांब चासीची पिकअप. रिकामी गाडी झकास चालते. भरून उठताना मात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरला २०च्या आत ‘गदगद’ हादरते, पुढे ठीक. मागे एकेक पाटा जादा टाकलेला आहे. क्लच प्लेट नवी टाकून झाली.
– लासलगाव

क्लच प्लेट घाईने टाकली. अशा गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधला सांधा चासीला लटकवलेल्या सेंटर बेअरिंगवर टेकतो. हे बेअरिंग जाड रबराच्या कड्यात बसवलेलं असतं. रबर फाटलं की जोर पडताच शाफ्टचा मध्य वर उचलला जातो आणि हादरे बसतात. खाली जाऊन टॉमीने शाफ्ट बेअरिंगपाशी उचका. रबर थोडं दबून परत आलं पाहिजे. कडं सुटलेलं दिसलं, किंवा शाफ्ट ब्रॅकेटच्या पत्र्याला लागल्याची चकचकीत रेघ दिसली, तर उत्तर मिळालं. बेअरिंगच गेलं असेल तर चालत्या गाडीत तळाखालून गुरगुर ऐकू येते, आणि शाफ्ट सुटा करून हाताने फिरवला की ते खरखरतं. ब्रॅकेटची भोकं लांबट असतात आणि काही गाड्यांत खाली पातळ पत्रे दिलेले असतात. काढण्याआधी जागा आखून ठेवा आणि पत्रे मोजून परत तेवढेच लावा. दोन सूत इकडेतिकडे झालं तरी कोन बदलतो.

आता जादा पाट्याकडे. त्याने रिकाम्या गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, मागच्या क्रॉसचा कोन वाढतो आणि रिकाम्या फेऱ्यांत तो झिजत राहतो. उलट क्षमतेपेक्षा जास्त भरल्यावर मागची बाजू दबून कोन दुसरीकडे जातो. मोबाइलमधलं पातळीमापक फ्लँजच्या तोंडाला लावून गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा कल मोजा. एकदा रिकाम्या गाडीत, एकदा नेहमीच्या भारात. दोन्ही कल अंश-दीड अंशाच्या फरकात जुळावेत. जुळत नसतील तर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये कोनाची पाचर घालून पिनियन फिरवता येतो. पण ते काम कोन मोजणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. आणखी एक बाब पाटे वाढवणारे सांगत नाहीत. पुष्कळ पिकअपमध्ये भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सलला काडीने जोडलेला असतो. पाटा वाढला की गाडी भरलेली असली तरी व्हॉल्व्हला ती हलकी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. पाटा काढायचा नसेल तर निदान ती काडी नव्याने जुळवून घ्या.

प्रश्न : क्रॉसला कोणतं ग्रीस, किती आणि कधी? आमच्या गाड्या मासळी वाहतात, मिठाचं पाणी सतत खाली गळतं.
– हर्णै

लिथियमचं ईपी-२ ग्रीस चालेल. गाडीच्या पुस्तकात मुदत दिलेली असते. साध्या वापराला दर ५००० किलोमीटरला ग्रीसची गन लावणं बरं, पण खाऱ्या पाण्यात हे पुरायचं नाही. तुम्ही महिन्याला दोनदा लावा, आणि गाडी धुतल्यावर लावा, आधी नाही. प्रेशरच्या पाण्याची धार थेट कपांवर मारू देऊ नका, ती सील ओलांडून आत जाते.

निप्पल मोजून ठेवा. दोन तुकड्यांच्या शाफ्टला साधारण तीन क्रॉसचे तीन आणि स्लिपचा एक असे चार निप्पल सापडतात. त्यातला एक बहुधा चिखलाखाली लपलेला असतो आणि वर्षानुवर्षं कोरडा राहतो. निप्पल पुसा, मगच गन लावा, नाहीतर तोंडावरची वाळू तुम्हीच आत ढकलाल. हाताची गन वापरा. हवेच्या गनने सील उलटे होतात. चारही कपांच्या कडेने नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारायचं. तीनच कपांतून आलं आणि चौथा गप्प असेल, तर त्या कपाची वाट बंद आहे. शाफ्ट थोडा फिरवून, योक हलवून पुन्हा मारा. तरीही नाही आलं, तर पुढे तोच कप जाणार हे लक्षात ठेवा. स्लिपला मात्र दोन-तीन दाब पुरे. तिथे कोंबाकोंबी केली तर शेवटचं झाकण बाहेर ढकललं जातं.

बाहेर येणारं जुनं ग्रीस बोटावर घेऊन बघा. काळं असेल तर हरकत नाही. लालसर आणि कणीदार असेल तर क्रॉस मागवून ठेवा. ज्या क्रॉसला निप्पलच नाही तो सीलबंद असतो. भोक पाडून निप्पल बसवायचा उद्योग करू नये.

प्रश्न : मस्कतला फोर-बाय-फोर पिकअप वापरतो. पुढची उंची वाढवून घेतली आहे. पार्किंगमध्ये पूर्ण वळवली की पुढून ‘टक-टक-टक’ येतं. हासुद्धा क्रॉसच का?
– मस्कत, ओमान

नाही. स्वतंत्र सस्पेन्शनच्या पुढच्या चाकांना जाणाऱ्या अर्ध्या शाफ्टांना सीव्ही (कोनातही एकसारखा वेग देणारा) जॉइंट असतो. त्यात क्रॉस नसतो. बाहेरच्या सांध्यात सहा पोलादी गोळे वाटीतल्या खाचांमधून सरकतात. खाचांना खड्डे पडले की पूर्ण वळणावर प्रत्येक गोळा खड्ड्यातून जाताना ‘टक’ करतो.

मोकळ्या जागेत गाडी पूर्ण डावीकडे वळवून सावकाश गोल फिरवा, मग उजवीकडे. बहुधा बाहेरच्या बाजूचं, म्हणजे डाव्या वळणात उजवं, चाक बोलतं. पण एवढ्यावर विसंबू नका, खिडकी उघडून आवाज कुठल्या बाजूचा ते ऐका. नंतर सांध्यावरचं रबराचं बूट (घड्यांचं आवरण) बघा. घड्यांच्या आत बोट घालून चीर शोधा. चाकाच्या आतल्या बाजूला गोल पट्ट्यात उडालेलं काळं ग्रीस दिसलं, तर बूट फाटलेलं आहेच. चीर नुकतीच पडली असेल आणि आवाज नसेल, तर सांधा धुऊन, मोलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस भरून, नवं बूट चढवून सांधा वाचतो. हे ग्रीस बुटाच्या संचाबरोबर मोजूनच येतं. क्रॉसचं ग्रीस इथे भरू नका. तुमच्याकडे आवाज सुरू झाला आहे, म्हणजे खाचांना खड्डे पडले आहेत. आता जॉइंट बदला.

उंची वाढवल्यामुळे सरळ जातानाही हे सांधे कोनात असतात आणि बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात. उंची थोडी उतरवली नाही, तर नवा सांधाही लवकर जाईल. सरळ रस्त्यावर जोर देताना थरथर आणि अ‍ॅक्सलरेटर सोडला की बंद, असं होत असेल तर आतल्या बाजूचा सांधाही पाहा.

प्रश्न : क्रॉस सैल आहे हे कळल्यावर किती चालवता येते? घाटात असताना तुटला तर?
– जुन्नर

किलोमीटरचा आकडा कोणी सांगत असेल तर ऐकू नका. हाताला ढिलाई लागली की माल उतरवून, हळू, थेट गॅरेजपर्यंत. कप बाहेर सरकलेला दिसला किंवा सर्क्लिप नसेल, तर गॅरेजपर्यंतही नाही. मागचा क्रॉस तुटला तर फिरती नळी चाबकासारखी आपटते आणि जवळून जाणारे ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल, कधी डिझेलची टाकी तिच्या तडाख्यात येतात. पुढचा तुटला तर जास्त वाईट. नळीचं पुढचं टोक रस्त्यावर पडून खड्ड्यात रुतू शकतं आणि गाडी त्या काठीवर मागून उचलली जाते. तारेने कप बांधून, किंवा क्रॉस पाव फेरा फिरवून न झिजलेली बाजू जोरावर आणून गाडी नेणारे भेटतात. क्रॉस फिरवल्याने आवाज थोडे दिवस जातो हे खरं. पण कप आणि सुया जुन्याच असतात, आणि भरल्या गाडीने घाट चढताना त्याच्यावर आमचा विश्वास नाही.

तुटलाच तर गाडी कडेला घ्या, आधी चाकांना दगड लावा, मग खाली जा. मागच्या फ्लँजचे चार, मधल्या बेअरिंगचे दोन असे बोल्ट काढून शाफ्ट मोकळा करता येतो. शाफ्ट एका टोकावर लोंबकळत ठेवू नका, त्याच्या वजनाने चांगला क्रॉसही बिघडतो. दोरीने चासीला बांधा. ज्या गाडीत स्लिप योक थेट गिअरबॉक्सच्या शेपटीत शिरतो, तिथे तो ओढला की गिअर ऑइल बाहेर येतं. भोकावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. काढलेल्या बोल्टांची मापं आणि डोक्यावरचा ग्रेडचा आकडा बघून ठेवा. त्यांच्या जागी बाजारातले साधे बोल्ट चालत नाहीत, आणि लॉकनट तर नवेच लावायचे.

आणि शाफ्ट निघाल्याबरोबर गिअरमध्ये टाकलेली गाडी थांबून राहत नाही. इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. उतारावर ती फक्त हँडब्रेक आणि त्या दगडांवर उभी आहे, म्हणून टोइंगची गाडी हूक लावून दोरी ताणेपर्यंत दगड काढू नका.